अस्तराची पट्टी

आपल्या झेंड्यातल्या तपकिरी पट्टीला शाळेच्या पुस्तकात मातृभूमीची माती म्हटलंय. ती माती नाही, कोटाचं अस्तर आहे. माझ्या हातून पांढरं कापड कमी कापलं गेलं आणि माझ्या बायकोने, तेव्हा ती बायको झालेली नव्हती, तिथे अस्तर जोडून वेळ निभावून नेली. गेली पन्नास वर्षं मोठमोठी माणसं त्या अस्तरापुढे छाती काढून उभी राहतात. राहू देत. अस्तर चांगल्या प्रतीचं होतं.

बायको जाऊन सात महिने झाले. तिच्या मशीनवर एक उशीचा अभ्रा अर्धा शिवलेला आहे, सुई त्यात रुतलेली. सुई वर करून अभ्रा काढायला दोन सेकंद लागतात. मी काढलेला नाही. शेजारची बाई म्हणते, आजोबा, घर आवरा आता. मी म्हणतो, आवरतो.

दोन महिन्यांपूर्वी जावई घरी आला. तो झेंड्याच्या संग्रहालयात भांडार विभागात आहे. माणूस वाईट नाही. देवाने त्याला सगळं दिलं, फक्त पाठीचा कणा द्यायच्या वेळी माल संपला होता. आला की तो आधी पंखा छान चालतो म्हणतो, मग भिंतीचा रंग छान आहे म्हणतो आणि मग मुद्द्यावर येतो. त्या दिवशी मुद्दा असा होता की झेंड्याला पन्नास वर्षं होतायत म्हणून संग्रहालयाची नवी इमारत उघडणार आहे. मधल्या दालनात पहिला झेंडा काचेत लावायचा. इतकी वर्षं तो कुठल्याशा सरकारी कोठारात घडी घालून पडला होता. शेजारी पितळी पाटी लावायची आणि पाटीवर शिवणारीचं नाव घालायचं. पण दफ्तरात नाव सापडत नाही, कारण त्या दिवशी दफ्तरच नव्हतं. त्या वेळचा जिवंत उरलेला माणूस मी एकटाच. मी लेखी जबानी दिली तर काम होईल.

"आईंचं पूर्ण नाव, बाबा," जावई म्हणाला. "पितळेत."

ती गेल्यापासून मला काही करावंसं वाटलं नव्हतं. हे ऐकून वाटलं. तिने आयुष्यात हजारो झेंडे शिवले. झेंड्यावर शिवणारीचं नाव घालायची पद्धत नसते, सदऱ्याच्या कॉलरला तरी दुकानाची चिठ्ठी असते. मोठ्या चौकात पहिल्या अध्यक्षांचा पुतळा आहे, दोन्ही हातांनी झेंडा पसरून धरलेला. तिथून जाताना ती दर वेळी एकदा वर बघायची आणि म्हणायची, "धरलाय कसा बघा, जणू यांनीच टीप मारली." एवढं बोलून ती भाजीच्या गाड्याकडे वळायची. तिने नाव मागितलं नव्हतं. पण दर वेळी वर बघायची.

म्हणून मी जावयाला हो म्हणालो.

आता त्या दिवशी काय झालं ते सांगतो. यात माझी अब्रू जाते, पण सत्तरी ओलांडल्यावर अब्रू ठेवून करायचं काय.

मी कोटाच्या दुकानात कापणारा मास्तर होतो. वय चोवीस, अंगात मस्ती. दुकानाचा मालक इतका चिकट की दुकानातला टेपचे सुरुवातीचे चार इंच इस्त्रीखाली जळून गेले, तरी त्याने नवा आणला नाही. म्हणाला, टेप जळलाय, बाकीचे आकडे शाबूत आहेत. तेव्हापासून आमच्या दुकानात माप चारपासून सुरू व्हायचं. सोळा इंच हवे असतील तर टेपच्या जळक्या टोकापासून वीसच्या आकड्यापर्यंत जायचं. बाहेरचे शिंपी आम्हाला हसायचे. आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं. डोक्यात चार मिळवायची इतकी सवय झाली होती की मी भाजीवालीकडेही दोन मागायला जाऊन सहा म्हणायचो.

ती आठ दिवसांपूर्वी मशीनवर लागली होती. वय वीस. कमी बोलायची, पण बोलली की समोरच्याला दोन दिवस पुरायचं.

जुनं सरकार गेलं आणि नवं आलं त्या दुपारी शहरात संचारबंदी होती. सगळी दुकानं बंद. आमचं उघडं, कारण नवीन लोकांना कोट हवे होते. सत्ता येते तेव्हा पहिल्यांदा कोट लागतात. दोन वाजता एक कारकून फाइल छातीशी धरून धावत आला. आम्ही त्याला पुढे कायम फाइलवालाच म्हणत आलो. उद्या सकाळी झेंडा चढवायचाय आणि झेंडा नाही, हे त्यांना दुपारी जेवताना आठवलं होतं. त्याच्या हातात एक कागद होता. त्यावर पेन्सिलीने तीन सारखे पट्टे आणि रंगांची नावं: वर पिवळा, मध्ये पांढरा, खाली निळा. कागदाच्या मागच्या बाजूला कुणाच्या तरी घरच्या किराण्याची यादी होती. मालकाने विचारलं, हेच रंग का. फाइलवाला म्हणाला, जुन्या झेंड्यात हे तीन नव्हते म्हणून.

मी तिथेच उभा होतो. आपल्या झेंड्यातल्या रंगांचा अर्थ मी माझ्या कानांनी ऐकलेला एवढाच. पुढे पिवळ्याला आधी गव्हाचं पीक म्हणाले. सलग तीन वर्षं पीक बुडालं तेव्हा पुस्तक बदललं आणि पिवळा म्हणजे सूर्य झाला. निळा समुद्र होता. बंदराचा मुलूख तहात गेल्यावर निळा आकाश झाला. कापड तेच. आम्ही त्याच गठ्ठ्यातून कापत होतो.

झेंडा उंचीला चार फूट हवा होता, म्हणजे प्रत्येक पट्टा सोळा इंच. पिवळा आणि निळा मी बरोबर कापले. पांढरं कापड पसरलं तेव्हा ती टेबलापाशी येऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, "मास्तर, तुम्ही चारपासून का मोजता?"

आठ दिवसांत तिने मला स्वतःहून विचारलेली ही पहिली गोष्ट. मी काय सांगू आणि काय नको असा झालो. टेप हातात धरून मी तिला इस्त्री कशी तापली, मालक कसा चिकट, आम्ही डोक्यात चार कसे मिळवतो हे सगळं रंगवून सांगितलं. सांगता सांगता खडूने रेघ मारली आणि कात्री चालवली. रेघ सोळाच्या आकड्यावर मारली होती. चार मिळवायचे कसे हे सांगण्याच्या नादात मिळवायचे राहिले.

मालकाला याचा पत्ता नव्हता. स्वयंसेवकांच्या दंडावर बांधायला पट्ट्या हव्यात असं फाइलवाल्याने सांगितलं होतं. मी कात्री ठेवताच मालकाने उरलेलं सगळं पांढरं कापड उचललं, टराटरा फाडून पन्नास पट्ट्या केल्या आणि फाइलवाल्याच्या हातात दिल्या. फाइलवाला त्या घेऊन पळाला. त्यानंतर तिने पांढरा पट्टा मशीनवर घेतला, निळ्याला लावून बघितला आणि माझ्याकडे बघितलं. पांढरा बाराच इंच होता.

बाहेर संचारबंदी, दुकानात पांढरी चिंधी नाही आणि काम नव्या सरकारचं. मालक समोरच्या टेबलावर अध्यक्षांच्या कोटाला बटणं लावत होता. त्याला कळलं असतं तर त्याने मला दुकानाबाहेर नाही, थेट शिपायांकडे दिलं असतं. ती उठली, अस्तरांच्या फळीवरून तपकिरी गठ्ठा काढला, चार इंचांची पट्टी फाडली. लांबीला कमी पडली, म्हणून दुसरा तुकडा जोडला. पांढऱ्या आणि निळ्याच्या मध्ये ती पट्टी बसवून दोन टिपा मारल्या. हे सगळं पंधरा मिनिटांत.

पाच वाजता फाइलवाला परत आला. झेंडा बघून त्याचा चेहरा उतरला. "ही चौथी कुठून आली?"

ती म्हणाली, "पांढऱ्याला खाली आधार लागतो, साहेब. नाहीतर वाऱ्यात फाटतो."

तांत्रिक गोष्ट म्हणून हे संपूर्ण खोटं होतं. फाइलवाल्याने मान हलवली. मान हलवणं हेच त्याचं शिक्षण. परत जाऊन वरिष्ठांना सांगायची त्याची हिंमत झाली नाही. त्याने झेंडा कागदात गुंडाळला आणि सकाळपर्यंत तोंड उघडलं नाही.

सकाळी आम्ही सगळे मैदानात होतो. झेंडा वर गेला, उलगडला आणि अध्यक्षांनी वर बघितलं. त्यांनी तीन रंग काढून दिले होते, वर चार होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. क्षणभर ते थांबले. मग हात वर करून म्हणाले, "आणि ही आपली माती."

मैदान दणाणलं. माणसं रडली, एकमेकांच्या गळ्यात पडली. माझ्या शेजारी ती उभी होती. ती पुढे बघतच हळू आवाजात म्हणाली, "दुकानात अजून दोन वार माती शिल्लक आहे."

मी त्याच क्षणी ठरवलं की लग्न करायचं तर हिच्याशी.

तर हा आपल्या झेंड्याचा इतिहास. मी चुकलो आणि भ्यालो, फाइलवाला भ्याला, अध्यक्ष भ्याले. तीन भित्रे पुरुष आणि एक बाई. पुढे कायदा झाला. पांढरा तीन भाग आणि माती एक भाग, असं माप कायद्यात लिहिलं गेलं. ते माप कुठून आलं हे कुणी विचारलं नाही. चार इंच म्हणजे चार दिशा, असा एकाने लेख लिहिला. दुसऱ्याने लिहिलं, चार हुतात्मे. टेप पाच इंच जळला असता तर पाचवा हुतात्मा शोधावा लागला असता. सरकारी झेंडा कारखाना निघाला तेव्हा आम्हा दोघांनाही त्यात नोकरी लागली. मी सदतीस वर्षं तिथे कापणारा होतो. दर झेंड्याला तपकिरी पट्टी मीच कापायचो. माणूस एकदा चुकतो आणि विसरतो. मला ती चूक रोज साडेआठला हजेरी लावून परत करावी लागायची. दुपारच्या सुट्टीत ती माझ्या टेबलाजवळून जाताना विचारायची, "काय मास्तर, आज किती माती?"

जबानी द्यायला मी संग्रहालयाच्या कचेरीत गेलो. संचालकांची खोली गार, टेबल एवढं मोठं की त्यावर मी सहा झेंडे एकावेळी कापले असते. संचालक होते आणि एक डॉक्टर होते, औषध न देणारे. झेंड्यावर त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिलाय. कागद तयारच होता. डॉक्टरांनी मला तो वाचून दाखवला. जेवढं आठवतं तेवढं लिहितो. अध्यक्ष तुरुंगातून सुटताना मूठभर माती कोटाच्या खिशात घालून आले होते. त्या ऐतिहासिक दुपारी ते स्वतः आमच्या दुकानात आले, ती माती त्यांनी एका तरुण, अशिक्षित कारागीर स्त्रीच्या ओंजळीत ठेवली आणि म्हणाले, मुली, या रंगाचं कापड शोध. तिच्या डोळ्यांतून अश्रू ओघळले.

यातला कोट तेवढा खरा होता. अध्यक्ष दुकानात कधी आलेच नाहीत, मापंसुद्धा नोकराने आणून दिली होती. ती सातवी शिकलेली होती आणि माझ्यापेक्षा शुद्ध लिहायची. आणि तिच्या डोळ्यांत पाणी फक्त कांद्याने यायचं.

मी त्यांना खरं काय ते सगळं सांगितलं. टेप, अस्तर, दंडावरच्या पट्ट्या. डॉक्टर टेपच्या गोष्टीला मनापासून हसले, म्हणाले, फारच गोड आठवण आहे. गोड म्हणजे ग्रंथात न घेण्यासारखी. मी म्हणालो, माझी सही हवी असेल तर एवढंच लिहा: कापणारा चुकला, शिवणारीने सावरलं. खाली तिचं नाव घाला. माझंही घाला, गाढव म्हणून.

संचालक शहाणे होते. ते रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"काका, तुम्ही म्हणता ते खरं असेलही. पण त्या पट्टीसाठी पोरं मेलीत. त्यांच्या आईबापांना मी काय सांगू? टेप जळला होता?"

हे बोलणं मला लागलं. मी खोटं सांगणार नाही. दोन लढाया झाल्या तेव्हा शवपेट्यांवर घालायचे झेंडे आमच्याच कारखान्यातून गेले होते. त्या दिवसांत मला दुपारच्या सुट्टीत कुणी किती माती म्हणून विचारत नव्हतं. पण संचालकांच्या तोंडून ते ऐकताना मला कळलं की हे वाक्य त्यांनी पुष्कळदा वापरलंय. चांगलं गुळगुळीत झालं होतं.

मी म्हणालो, "साहेब, ती अस्तरासाठी मेली नाहीत. तुम्ही लोकांनी पाठवलंत म्हणून मेली. त्यांच्या आईबापांना ते आधीच माहीत आहे."

डॉक्टर खिडकीतून बाहेर बघू लागले. संचालकांनी पेन माझ्या बाजूला सरकवलं आणि शांतपणे सांगितलं की सही केली तर नाव लागेल. नाही केली तर पाटीवर अज्ञात कारागीर असं जाईल. त्यांचा नाइलाज आहे. कागद आहे तसाच राहील.

मी पेनाला टोपण लावलं आणि घरी आलो. जिना उतरताना मला स्वतःचा अभिमान वाटत होता. तो किती फुकटचा होता हे पुढे कळलं.

तीन आठवड्यांनी मुलगी आली. एकटीच आली तेव्हाच मी ओळखलं. ती शाळेत गणित शिकवते, उगाच फेऱ्या मारणाऱ्यांतली नाही. तिने पिशवीतून सोहळ्याची निमंत्रणपत्रिका काढून माझ्यापुढे ठेवली. आत जाड अक्षरांत तिच्या आईचं नाव होतं. वारस म्हणून, आईकडून ऐकलं तसं, असं लिहून तिने त्या कागदावर सही केली होती.

मी तिला खूप बोललो. नवऱ्याच्या बढतीसाठी आई विकलीस म्हणालो. तिने ऐकून घेतलं. तिच्या आईचीच सवय, समोरच्याचं संपू द्यायचं.

मग ती म्हणाली, "बाबा, मी तिसरीत होते तेव्हा परीक्षेत प्रश्न आला होता, तपकिरी पट्टीचा अर्थ लिहा. मी लिहिलं, बाबांनी कापड कमी कापलं म्हणून आईने अस्तर लावलं. तुम्ही दोघं घरी हसत हसत बोलायचात तेच लिहिलं. बाईंनी मला पेपर घेऊन मुख्याध्यापकांकडे नेलं. त्यांनी आईला बोलावलं."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी तसं म्हणालो.

"तुम्हाला कळू द्यायचं नाही असं आईनेच सांगितलं होतं. मुख्याध्यापकांनी तिला विचारलं, हे खरं आहे का. तुम्हा दोघांची नोकरी सरकारी, बाबा. ती म्हणाली, नाही साहेब, पोरगी खोटारडी आहे, हिला मनच्या गोष्टी रचायची सवय आहे. माझ्यासमोर म्हणाली. वर्षभर वर्गात मला खोटारडी म्हणत होते."

मी ती पत्रिका उलटी करून ठेवली.

"घरी येऊन तिने माझी वेणी सोडली, परत घातली," मुलगी म्हणाली. "म्हणाली, पेपरात पुस्तकातलं लिहायचं. पुस्तक त्यांचं आहे, त्यांना लाज नाही, आपण कशाला लाजायचं. बाबा, तिने आयुष्यभर तुमची चूक झाकली. त्या पट्टीने झाकली, मला खोटं पाडून झाकली. आता ती नाही म्हटल्यावर तुम्हाला खरं बोलायची उबळ आली. ते तिच्यासाठी नव्हतं. तुम्हाला मोकळं व्हायचं होतं. मला माझ्या आईचं नाव भिंतीवर हवं होतं. खालची बडबड कोण वाचतं?"

चहा न घेता ती गेली. दारातून मात्र वळून म्हणाली, "चपला झिजल्यात तुमच्या. नवीन घ्या, येताय ना समारंभाला."

मी आयुष्यभर लोकांना भित्रे म्हणत आलो. फाइलवाल्याला, अध्यक्षांना, जावयाला. कणा नसल्याच्या गोष्टी मी सांगायच्या. बत्तीस वर्षं माझी पोर खोटारडी म्हणून गप्प राहिली आणि ती लग्न होऊन जाईपर्यंत मी रोज तिच्यासमोर बसून जेवलो. मला तिच्या प्रगतिपुस्तकावर सही कोण करतं हेसुद्धा माहीत नव्हतं. तिची आई करायची.

समारंभाला मी गेलो नाही. मंत्री, बँड, डॉक्टरांचं भाषण, हे सगळं मला माहीत होतं. सदतीस वर्षं त्या तमाशाचं कापड मीच पुरवलं होतं. आठवडाभराने एका कामाच्या दिवशी सकाळी अकराला एकटाच गेलो. नवीन चपला घालून.

मधलं दालन गोल आहे. झेंडा काचेमागे ताणून लावलाय, वरून दिवा. पिवळा विटून मळकट झालाय, पांढरा चहात बुडवल्यासारखा दिसतो. अस्तर मात्र जसंच्या तसं आहे, सांगितलं ना, चांगल्या प्रतीचं होतं. पाटी डाव्या हाताला. तिचं नाव माझ्या डोळ्यांच्या बरोबर समोर आलं, ठसठशीत, पितळेत. खाली मूठभर माती आणि अश्रू. मी नाव वाचलं. परत वाचलं. अक्षरांवर बोट फिरवावंसं वाटलं, पण तिथे हात लावू नये असं लिहिलंय.

पोरगी बरोबर बोलली होती. खालची बडबड मी वाचलीच नाही, डोळे सारखे वरच जात होते.

मग मी झेंड्याकडे नीट बघितलं, कापणाऱ्याच्या नजरेने, आणि मला हसूच आलं. त्यांनी झेंडा उलटा लावला होता. वरचं खाली नव्हे. बाजू उलटी. शिवणीची आतली बाजू लोकांकडे आणि सफाईची बाजू भिंतीकडे. एवढे तज्ज्ञ, एवढी समिती, डॉक्टरांचा आठशे पानांचा ग्रंथ, आणि कापडाची सुलटी बाजू ओळखणारा एकही माणूस नाही. पिवळ्या आणि निळ्याच्या कडा आत नीट दुमडलेल्या दिसत होत्या. पांढऱ्याची कड मात्र कच्ची होती. तिथे दुमडायला कापडच नव्हतं. अस्तराचा जोडसुद्धा दिसत होता, डाव्या बाजूपासून हातभर अंतरावर, घाईत मारलेल्या दोन टिपा. सगळं उघडं पडलं होतं. फक्त वाचता यायला हवं.

गाइड एका गटाला मातीचं सांगून पुढे घेऊन गेला. मागे दोन बायका रेंगाळल्या. एक थोराड, गळ्यात चष्मा अडकवलेला, उजव्या हाताच्या मधल्या बोटाला सुईने टोचून टोचून झालेला घट्टा. असा घट्टा मी चाळीस वर्षं घरात बघितलाय. तिने चष्मा डोळ्यांवर चढवला, काचेला नाक लावलं आणि सोबतच्या बाईला म्हणाली, "अगं, कसली माती? पांढरं कमी पडलंय इथे. ही कड बघ. हातात होतं ते लावून निभावलंय बिचारीने."

दुसरी म्हणाली, हळू बोल, कुणी ऐकेल.

"ऐकू दे. कापणारा कोण गाढव होता देव जाणे. पण बाई हुशार. बघ ना, ताण कुठेही आलेला नाही. हे असं जोडणं सोपं नसतं."

मी त्यांच्या मागेच उभा होतो. घसा साफ केला आणि म्हणालो, "बरोबर आहे तुमचं. गाढवच होता."

तिने मागे वळून मला वरपासून खालपर्यंत बघितलं. काय समजली देव जाणे. मग विचारलं, "आणि ती?"

मी पाटीकडे हात केला. तिने पुढे जाऊन पाटीवरचं नाव मोठ्याने वाचलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, जसं हजेरीला पुकारतात तसं. सात महिन्यांनंतर मी ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकत होतो. माझ्या तोंडून हो निघून गेलं.